राजाची मूठ

सोहारच्या बंदरातून खोका आला,
वर लिहिलेलं : प्लास्टर, नाजूक, आडवं करू नये.
गुलजमानने पिकअप मागे घेतली,
मी आणि दोन तमिळ पोरांनी त्याला उतरवलं
जसा घरातला आजारी माणूस उतरवतात,
काखेत हात घालून.

आत राजा निघाला. संत झालेला.
निळा झगा, त्यावर पिवळी फुलं,
डाव्या हातात उशी, उशीवर काट्यांचा मुकुट,
उजव्या हातात तलवार,
आणि चेहरा असा, की तीन महिने पगार थकलाय
आणि घरी अजून सांगितलेलं नाही.

फादर यूजिन चष्मा पुसत बघत राहिले.
मग म्हणाले, डायगो, तलवार नको.
आपण बाहेरच्या भिंतीवर क्रूससुद्धा लावत नाही.
पाहुणे आहोत.

मी फरशीवाला. वसईतल्या गासचा.
ग्राइंडर सोबतच होता.
पातं एका दमात गेलं,
मूठ मात्र त्याच्या बोटांतून कोरून काढावी लागली,
तास मोडला.
पांढरी धूळ राजाच्या पापण्यांवर बसली,
माझ्याही.
पात्याच्या पोटातून लोखंडी सळी निघाली,
गंजलेली, हात-दीड हात.

गुलजमान चहा घेऊन आला.
म्हणाला, हा बादशहा कुणाशी लढायला आला होता?
मी म्हटलं, ठाऊक नाही.
ठाऊक होतं. सकाळीच कळलं होतं.
त्याने माझ्याकडे पाहिलं, राजाकडे पाहिलं,
आणि माझ्या कपातली धूळ बोटाने काढून
कप पुढे केला.

फादर सांगत होते :
जहाजं भरभरून आला होता, मिसरच्या चिखलात हरला,
धरला गेला.
कैदेत हगवण लागली, इतकी
की राजाची विजार मागून कापून टाकली.
सुटकेची रक्कम ठरली,
ती दूरच्या बंदरात बायकोने जमवली,
आणि त्याच दिवसांत ती बाळंत झाली.
मुलाचं नाव दुःखावरून ठेवलं.

कोंसूने एजंटासाठी पाटल्या मोडल्या होत्या.
मुलगा झाला तेव्हा माझा पासपोर्ट
कंपनीच्या कपाटात.
फोन पाळण्याशी धरून तिने त्याला रडू दिलं,
कार्ड संपेपर्यंत.
आम्ही नाव जॉयस्टन ठेवलं.
आनंदावरून. मुद्दाम.

इथे रविवार शुक्रवारी येतो.
पाच भाषांत पाच मिस्सा, चपलांचा समुद्र,
आणि कोपऱ्यात राजा, मूठ आवळून,
मुठीत काही नाही.
पहिले काही आठवडे कुणी बघितलंही नाही.
मग लिसम्मा नर्सने मुठीत इस्पितळाचा पट्टा खोचला,
कुणी पैसे पाठवल्याची पावती,
कुणी न वापरलेल्या तिकिटाची घडी.
एकदा एक कांदा होता.
कशासाठी, ते अजून कळलेलं नाही.
फादर शनिवारी मूठ रिकामी करतात,
सगळं खणात ठेवतात, टाकत नाहीत.
कांदासुद्धा. त्याला कोंब आला.

परवा म्हणाले, अरे, हा तर गवंड्यांचा पालक,
दगड घडवणाऱ्यांचा, तुझाच.
मी हसलो.
मग थापी सोडून तलवार कुणी दिली होती याला?
फादर हसले नाहीत.
त्या संध्याकाळी मी माझी थापी
त्याच्या मुठीत बसवून पाहिली.
बसली नाही. दांडा जाड आहे.
परत आणली, सकाळी काम होतं.

सळी मात्र टाकली नाही.
कॅम्पातल्या खोलीत दोन पलंगांच्या मध्ये
सुतळीने आडवी बांधलीय.
तिच्यावर माझा इस्त्रीचा शर्ट
आणि शेजारी गुलजमानचा पांढरा कुर्ता,
दोन्ही गुरुवारी रात्री धुतलेले,
थेंब थेंब गळत,
उद्यासाठी.